सात नंबरचा मुळा

काका प्रत्येक गोष्ट वाजवून बघत. नारळ आणि टरबूज कुणीही वाजवतं. काका जिन्याचे कठडे वाजवत, लोकांच्या सायकली वाजवत. कुणी नवा राइस कुकर घेतला की अभिनंदन करायच्या आधी आतलं भांडं काढून त्यावर बोटाचं पेर ठोकत आणि कान पुढे करत. माझा हात मोडला होता तेव्हा भेटायला आले आणि प्लॅस्टरवर दोन टिचक्या मारून म्हणाले, "बसलंय नीट." डॉक्टरांनीही तेच सांगितलं. फक्त त्यांना एक्स-रे काढावा लागला.

फुनाबोरीत माझ्या इमारतीच्या मागे सरकारी वसाहत होती. तिथे चौथ्या मजल्यावर काका आणि काकू राहत. शेजारचे जपानी लोक काकांना त्यांच्या पाठीमागे 'कोन-कोन सान' म्हणत. कोन-कोन म्हणजे जपानीत ठोकण्याचा आवाज, आणि सान म्हणजे राव. काकांना हे नाव माहीत होतं आणि त्यात चिडवण्यासारखं काय आहे हे त्यांना कधी कळलं नाही. आधी कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीत आणि मग कितीतरी वर्षं कावासाकीच्या एका कारखान्यात ते ओतीव भाग तपासायचं काम करत होते. छोट्या हातोडीने ठोकायचं, ऐकायचं आणि तडा असलेला भाग बाजूला काढायचा. निवृत्त झाल्यावर हातोडी कंपनीने ठेवून घेतली. बोटं त्यांच्याकडेच राहिली.

मी जपानमध्ये आले ती मोठ्या भूकंपानंतर दोन वर्षांनी, योकोहामाच्या एका संस्थेत पोस्टडॉक म्हणून. विषय धातूंचा. पुण्याहून येताना आईने बिडाचा तवा बांधून दिला होता. एका मंगळवारी सकाळी जमीन जराशी हलली, तवा खुंटीवरून पडला आणि त्याचे सरळ दोन तुकडे झाले. मी ते तुकडे न जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी खाली घेऊन गेले. तिथे पांढरी टोपी घातलेला एक माणूस दुसऱ्यांचा कचरा वाजवत उभा होता. त्याने माझ्या हातातला एक तुकडा घेतला, मोडलेली कड उन्हाला धरली आणि शुद्ध मराठीत म्हणाला, "बीड आहे. बिडाचं असंच. शंभर वर्षं टिकेल, पण पडलं की गेलं. घडीव असता तर नुसता पोचा आला असता."

मी म्हटलं, "काका, माझी त्यातच पीएचडी आहे."

"मग खुंटीवर का टांगलास?"

त्या दिवसापासून माझं त्यांच्याकडे जाणं-येणं सुरू झालं.

काकांचं खरं वेड मात्र त्सुबांचं. त्सुबा म्हणजे जपानी तलवारीच्या मुठीपुढची चकती, हात पात्यावर घसरू नये म्हणून असते ती. तळहाताएवढी, बहुतेक लोखंडी, मध्ये पातं जायला भोक, आणि बाकीच्या भागात करवतीने कोरलेली नक्षी. तलवारी गेल्या, चकत्या राहिल्या, आणि आता म्हातारी माणसं त्या हातात घेऊन कुठल्या घराण्याच्या, कुठल्या काळच्या, हे ओळखत बसतात. घराणी गाण्याइतकीच, भांडणंही तेवढीच.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी काका आम्हाला, म्हणजे आसपासच्या मराठी पोस्टडॉक मंडळींना, हे शिकवायला बसवत. आम्ही काकूंच्या पोह्यांसाठी जात होतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, काकांनासुद्धा. म्हणून ते पोहे शेवटी ठेवत. आधी अंगठ्या आणि घड्याळं काढायची. हात धुऊन कोरडे करायचे. टेबलावर हिरवं कापड, त्यावर पाच त्सुबा, समोर एकेक आकडा. चकती कडेनेच धरायची, कापडाच्या वर चार बोटं, आणि तिच्यावर तोंड करून बोलायचं नाही. थुंकीचा एक कण चारशे वर्षांच्या लोखंडावर पडला तर काका आठवडाभर आजारी पडत.

"आधी लांबून बघ," ते सांगत. "मग गंजाचा रंग बघ. मग काठ, मग मधलं भोक. सगळ्यात शेवटी नक्षी. नक्षी बघून तर कुणीही भुलतंय. नक्षीच्या आतली भिंत बघ, करवत कुठं फिरली, कानस कुठं अडली."

बघून झालं की चिठ्ठीवर घराण्याचं नाव लिहायचं आणि घडी करून काकांना द्यायचं. ते चिठ्ठी वाचून तीनपैकी एकच शब्द बोलत. अगदी बरोबर असेल तर 'अतारी'. घराणं चुकलं पण शेजारचंच सांगितलं असेल तर 'दोझेन', म्हणजे चालेल, जवळपास आहे. आणि बाकी सगळं 'इया', म्हणजे नाही. जपानमध्ये अशा सभांत हेच शब्द चालतात. काकांनी ते सभेबाहेरही चालवले. माझ्या लॅबमधल्या एका मुलाने लग्न ठरल्याचं सांगून मुलीचा फोटो दाखवला तेव्हा काका बराच वेळ बघून "दोझेन" म्हणाले. पोरगं दोन महिने फिरकलं नाही.

काकूंच्या आमटीलाही रोज 'दोझेन' मिळे. "बत्तीस वर्षं झाली," काकू मला म्हणाल्या, "एकदा म्हणून अतारी नाही. मेल्यावर पिंडालासुद्धा दोझेन म्हणतील हे."

काकांचे स्वतःचे गुरू म्हणजे योकोहामाचे एक सेन्सेई. त्यांना मी पाहिलं नाही. मी येण्याच्या आदल्या वर्षीच ते गेले होते. पण काका त्यांच्याबद्दल बोलायला लागले की पाठ ताठ करत, पंखा बंद करत. सेन्सेईंचं ओळखणं कधी चुकलं नाही, असं सगळे म्हणत. एकदा एका बड्या माणसाची दिमाखदार त्सुबा त्यांनी नुसती दोन बोटांवर तोलली आणि न बोलता परत डब्यात ठेवली. त्यानंतर त्या माणसाने चकत्यांचा नादच सोडला आणि बोन्साय सुरू केले. त्यांच्या सभेत अकरा जण होते, दहा जपानी आणि काका. काकांची जागा दाराजवळची, म्हणजे मानाच्या उतरंडीत सगळ्यात शेवटची. नंतर आलेली माणसंसुद्धा हळूहळू वर सरकली. काका वीस वर्षं दाराशीच. "हवा येती तिथं," काका सांगत.

सेन्सेईंनी आपल्या प्रत्येक शिष्याला एकेक त्सुबा दिली होती. काकांना मिळाली ती त्यांच्या शोकेसवर लाकडी घोडीवर उभी असे. लोखंडात कोरलेला एक मुळा, पानांसकट, गोल वळवलेला. खाली तिचा डबा, झाकणावर सेन्सेईंच्या ब्रशने लिहिलेलं: 'मुळा. शिष्यास.' इतरांच्या डब्यांवर घराणं, काळ, सगळं लिहिलेलं असायचं म्हणे. काकांच्या डब्यावर फक्त भाजी.

ही चकती पाचांत कधी आली नाही. तिला कुणी हात लावायचा नाही. "मुळा मला घरात शिजवू देत नाहीत, वास येतो म्हणून," काकू म्हणत, "आणि हा बघा, देव्हाऱ्यापेक्षा उंचावर."

एकदा मी सहज विचारलं, "काका, तुम्ही सगळं जग वाजवता. हा मुळा वाजवलात का कधी?"

"धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं झालं हे," काका म्हणाले. "गुरूनं दिलेली वस्तू ठोकून बघतात होय?"

त्या मोठ्या भूकंपाची गोष्ट मला काकूंनी सांगितली, आणि काकांच्या देखत सांगितली, कारण त्यांना ती तशीच सांगायला आवडे. "अगं, दुपारची वेळ. मी तळण काढत होते. घर असं हलायला लागलं की कढईतलं तेल चालत निघालं. मी गॅस बंद केला, दार उघडून ठेवलं, आणि ओरडत आत आले, अहो, अहो करत. बघते तर हे टेबलाखाली. छातीशी दोन्ही हातांनी काय धरलेलं? मुळा! बायको बाहेर तेलाच्या कढईशी, आणि ह्यांनी लोखंडाला पोटाशी घेतलेलं."

मी हसले आणि म्हटलं, "पण काका, लोखंडच ते. पडून पडून काय होणार होतं त्याला?"

काका माझ्याकडे बघत राहिले. मग उठले, बाल्कनीत गेले आणि बराच वेळ वॉशिंग मशीन वाजवत राहिले. मला तेव्हा वाटलं, म्हातारा चिडला. माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पीएचडी असूनसुद्धा.

पुढच्या वर्षी वसंतात सेन्सेईंच्या मुलीचं पत्र आलं. वडिलांच्या तिसऱ्या पुण्यतिथीची सभा होती. आपल्या हिशेबाने दुसरी, पण जपानी लोक मृत्यूचा दिवसही पहिला धरतात. सगळ्या शिष्यांनी सेन्सेईंनी दिलेली त्सुबा घेऊन यावी, सगळ्या आकडे लावून मांडल्या जातील, सगळ्यांनी चिठ्ठ्या लिहाव्यात, आणि मुलगी वडिलांच्या वहीतून उत्तरं वाचेल. सेन्सेईंना ओळखण्याचा खेळ आवडत असे, म्हणून त्यांना अशीच श्रद्धांजली.

आठवड्याने काकूंचा फोन आला. आवाज घाबरलेला. "तू येऊन जा गं जरा. ह्यांनी टरबूज आणलं, पण वाजवलंच नाही. तसंच कापलं. मी विचारलं तर म्हणतात, काय फरक पडतो."

मी लगेच गेले. काकांनी काकूंना खाली दुकानात पाठवलं, हिरवं कापड अंथरलं, मुळा घोडीवरून उतरवला आणि पहिल्यांदाच माझ्या हातात दिला.

मी त्यांनीच शिकवल्यासारखं केलं. आधी लांबून. मग रंग, काठ, भोक. सगळं छान होतं. मग मी नक्षीच्या आतली भिंत बघितली. करवतीची खूण नाही, कानशीची नाही. भिंत गुळगुळीत, कोपरे गोलसर, आणि पानाच्या खालच्या अंगाला केसाएवढी बारीक रेघ, साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे येते तशी.

"काका, हे तर बीड..."

"चकतीवर बोलू नकोस," काका म्हणाले. सवयीने.

मी ती खाली ठेवली. "तुम्हाला कधी कळलं?"

"दिली त्याच दिवशी. डबा उघडल्याबरोबर. एवढी वर्षं ओतकाम बघतोय, मला नाही कळायचं?" त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "माणूस कधी चुकला नव्हता, आणि मला देताना चुकला. मला देताना! आता कसं सांगू? म्हणून कधी वाजवला नाही. डोळ्याला समजावता येतं गं, की अंधार होता, चष्मा जुना होता. एकदा वाजवला की कानाला नाही समजावता येत."

आता तो मुळा सभेत जाणार होता. दहा मुरलेली माणसं तो हातात घेणार होती. सेन्सेईंनी बाजारू नक्कल खरी समजून शिष्याला दिली, हे त्यांच्याच पुण्यतिथीला, त्यांच्याच मुलीसमोर उघड होणार होतं. न न्यावा तर तोही अपमान. दुसरी न्यावी तर डब्यावर मुळा लिहिलेला. काका आयुष्यभर तडे शोधत आले आणि हा एक तडा त्यांनी एकट्याने झाकून ठेवला होता. मला त्यांची फार माया आली आणि थोडा रागही आला.

काकूंचे गुडघे दुखत होते म्हणून काकांनी बरोबर मला नेलं. ट्रेनमध्ये डबा मांडीवर घेऊन ते बसले होते. कावासाकी गेल्यावर म्हणाले, "तुझा नंबर आला की मुळ्याला 'ओवारी' लिही." ओवारी म्हणजे नागोयाकडचं जुनं, मानाचं घराणं.

"काका, मी खोटं लिहू?"

"पोह्यांना जागायचं असतं," काका म्हणाले.

सभा एका सार्वजनिक हॉलच्या वरच्या खोलीत होती. सेन्सेईंची मुलगी साठीची, शाळेतून निवृत्त झालेली, करड्या कपड्यांतली बाई. अकरा त्सुबा ओळीने मांडल्या होत्या. मुळ्याला सात नंबर आला. काका दाराजवळच्या आपल्या जागेवर बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी मात्र उघड्या डोळ्यांनी बघत होते. दहा म्हातारे एकेक करून सात नंबरशी आले. प्रत्येकाने ती कडेने उचलली, भिंतीकडे बघितलं, आणि प्रत्येकाचा हात तिथे अर्धा क्षण थांबला. मग प्रत्येकाने ती उचलली होती त्याहून हळुवार खाली ठेवली. त्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसाने मुळ्याला वाकून नमस्कार केला आणि मगच चिठ्ठी लिहिली. मीही 'ओवारी' लिहिलं. पोह्यांना जागले.

मुलगी नंबरवार चिठ्ठ्या वाचू लागली आणि वडिलांच्या वहीतून एकेकीला उत्तर देऊ लागली. पहिल्या सहा नंबरांना अतारी, दोझेन असं ठीक चाललं होतं. मग सात आला. जमलेल्या चिठ्ठ्या अकरा, दहा त्यांच्या आणि एक माझी. मालकाने आपल्या चकतीची चिठ्ठी लिहायची नसते. पहिली चिठ्ठी: ओवारी. मुलीने वही बघितली आणि म्हणाली, "इया." दुसरी ओवारी. "इया." ती आणखी नऊ वेळा इया म्हणाली. शेवटी-शेवटी तिचा आवाज बारीक झाला होता. एवढे जाणते लोक एका आवाजात चुकल्याचा प्रसंग त्या सभेच्या इतिहासात नसावा.

मग तिने वहीतलं वाचलं. जपानी साधंच होतं, मला कळलं.

"मुळा. ओतीव, नवीन. मुद्दाम निवडला. हा ओतकामाच्या माणसाला दिला आहे. तो एकदा बोट मारेल तर त्याला कळेल. त्याने येऊन मला तोंडावर सांगितलं की त्याला वरच्या जागी बसवायचं."

खाली, दर नव्या वर्षाला एक ओळ होती. ती तिने सगळी वाचली. "उत्तर नाही." "उत्तर नाही." अशी चौदा वर्षं. शेवटची ओळ वाचायला तिला चष्मा लावावा लागला, अक्षर थरथरलेलं असावं. "उत्तर नाही. मी विचारायला हवं होतं का?"

काकांनी डोळे उघडले होते. त्यांचा चेहरा, लहान मुलाला रडावं की नाही कळत नाही तेव्हा होतो, तसा झाला होता. गुरूची चूक झाकायला हा माणूस चौदा वर्षं गप्प बसला, आणि तो गुरू चौदा वर्षं त्याच्या तोंडाकडे बघत बसला. मला त्या दोघांनाही धरून हलवावंसं वाटलं. त्यातला एक तर आता हाती लागणारही नव्हता.

मग काका उठले. एक कोरी चिठ्ठी मागून घेतली, दाराशी बसून लिहिली, घडी केली, आणि मुलीसमोर जाऊन दोन्ही हातांनी दिली. तिने मोठ्याने वाचली.

"ओतीव. पहिल्याच दिवशी कळलं. उशीर झाला."

मुलीने वहीकडे बघितलं, वडिलांच्या फोटोकडे बघितलं. उत्तर देण्याचा अधिकार आपला आहे की नाही हे तिलाही कळेना. मग तिने पाठ सरळ केली.

"अतारी," ती म्हणाली.

काकांनी सात नंबर उचलला. मधल्या भोकात एक बोट घालून अधांतरी धरला, दुसऱ्या हाताचं पेर मारलं आणि कान पुढे केला. 'थप्प' असा आवाज आला. कच्चं मडकं वाजतं तसा. काकांनी मान हलवली, बरोबर आहे म्हणून. तो वयस्कर माणूस उठला आणि त्याने आपली वरची गादी काकांना दिली. काका तिथे पाचेक मिनिटं बसले आणि मग पुन्हा दाराशी आले. म्हणाले, तिथे हवा येत नाही.

परतीच्या ट्रेनमध्ये ते फुनाबोरीपर्यंत एकच वाक्य बोलले. "तो परीक्षा घेत होता, आणि मी त्याला सांभाळत होतो."

मला वाटलं होतं, मुळा आता डब्यात जाईल. तो पुन्हा घोडीवर चढला, त्याच जागी. रविवार सुरू राहिले. टरबुजं पुन्हा वाजायला लागली. पाच त्सुबांच्या सहा झाल्या, आणि नव्या आलेल्या प्रत्येकाला काका आधी मुळा ओळखायला देत. कुणी भीत-भीत "काका, हा खोटा वाटतो" म्हणालं, की त्याला पोह्यांवर जास्तीचं खोबरं मिळे.

जपान सोडायच्या आधी मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. काकू आमटीला फोडणी देत होत्या आणि घर हललं. मोठं नव्हतं, पण दिवा झुलला, कपाटातल्या बशा बोलल्या. काकूंनी गॅस बंद केला आणि दार उघडलं. मी टेबल धरलं. काका कुठे आहेत म्हणून बघितलं तर ते शोकेसपाशी, दोन्ही हातांनी मुळा छातीशी धरून.

हादरा थांबला. काकू दारातूनच ओरडल्या, "अहो, आता तर कळलंय ना खोटा आहे म्हणून? मग कशाला धरलात?"

"म्हणून तर धरला," काका म्हणाले. "बीड आहे ते. पडलं की गेलं. खरं असतं तर सोडलं असतं."

काकूंनी दार लावलं. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "म्हणजे मी खरी, म्हणून मला दरवेळी सोडता होय?"

काकांनी मुळा घोडीवर ठेवला, नीट बसला का बघितलं, आणि काकूंकडे वळले.

"अतारी," ते म्हणाले.

काकू वळल्या. आत गेल्या, गॅस पुन्हा पेटवला आणि आमटी ढवळत बराच वेळ पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या.